दोन हात पांढरा

सरकारचा कागद आला तेव्हा
पारोळ्याच्या सहा वस्त्यांच्या पाट्या मीच पुसल्या.
जातीचं नाव काढायचं, जागी चांगलं काही लिहायचं,
दर पाटी चारशे, रंग आपला.
दोन हात पांढरा मारला, वर निळ्यात समतानगर.
मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना पापुद्रा सुटला
आणि जुन्या नावाचा काना
नव्या नावाच्या पोटातून वर आला.
तिथल्या सुमनबाई म्हणाल्या, पेंटर, तिसरा हात मार,
पैसे मी देते.
मी घेतले नाहीत.
खोटं कशाला बोलू, निम्मे घेतले.

हेमांगी, माझी पोरगी, रविवारी कॉर्कहून फोन करते.
तिच्या खिडकीत तिरपा पाऊस, माझ्या मागे कूलर.
पप्पा, मावशीला जाडी म्हणू नका.
जावयाच्या मित्राला रंगावरून ओळखू नका.
कोणाला मूल का नाही, पगार किती, विचारू नका.
मग बोलू काय?
हवामान, ती म्हणते.
तिच्या ऑफिसात सगळे फार जपून बोलतात,
तिचं नाव उच्चारण्याआधी माफी मागतात.
सहा वर्षांत चुकूनही कोणी दुखावलं नाही.
चुकूनही कोणी घरी जेवायला बोलावलं नाही.
हे तिने सांगितलं, आणि लगेच
कॅमेरा पोरीकडे फिरवला.

मला जपून बोलायची सवय जुनी आहे.
दुसरीत 'माले' म्हटलं की गुरुजी बोटांवर पट्टी मारायचे.
मला म्हण. मला.
एकदा घरी येऊन म्हणालो, आई, मला भूक लागली आहे.
आईने चुलीतून मान वर केली.
पाव्हना उना का रे घरमा?
कळण्याची भाकर ताटात पडली,
पण त्या दिवशी तिने मला
पाव्हण्यासारखं वाढलं.

आता नातीला शाळेत वंशवृक्ष काढायचा होता,
प्रत्येक नावाखाली अर्थ.
माझ्या वडलांचं नाव उखर्डू.
हेमांगीने विचारलं, काय लिहू?
मी सांगितलं ते लिही.
आधीची चार गेली. पाचव्याला आजीने
उकिरड्यावर टाकलं आणि मग कचरा म्हणून उचललं,
मरण कचऱ्याकडे वळून बघत नाही.
ती बराच वेळ गप्प होती.
मग तिने लिहिलं: सुरक्षित.
चुकीचं नाही. पण उकिरडा कुठे गेला?

जानेवारीत ती आली, तेव्हा बसस्टँडसमोर थांबली.
लंगडा सायकल मार्ट.
पप्पा, ही कोणी रंगवली?
पिवळ्यावर लाल, अक्षराला काळी सावली.
चौऱ्याण्णवची आहे, अजून उडाली नाही.
मी म्हणालो, हिलाल स्वतःच हसला होता तेव्हा. चहा पाजला होता.
ती काही बोलली नाही.
ती विमानात बसली, त्यानंतर मी
पांढऱ्याचा डबा घेऊन दुकानात गेलो.

हिलालभाऊ, म्हटलं.
त्याने पाना खाली ठेवला. काय रे, उधारी पाहिजे का?
पाटी बदलू का तुझी? फुकट.
तो ट्यूब पाण्यात दाबून धरून बसला होता,
बुडबुडा कुठून येतो ते बघत.
माले ते नाव कधीच आवडनं नही, म्हणाला.
मंग तू हासना काब्र?
सगळा हासी ऱ्हायंतात.

बुडबुडा सापडला. त्याने तिथे बोट ठेवलं.
पाटी ऱ्हाऊ दे, गिऱ्हाइक त्याच नावखाल येस.
तू तेवढं म्हनू नको.

डबा तसाच परत आणला.
बत्तीस वर्षं गावात वावरून
मी एका माणसाला काय म्हणायचं नाही, ते शिकलो;
काय म्हणायचं ते अजून जिभेवर बसत नाही.
भाऊ म्हटलं की तो उधारीचं बघतो.

रविवारी हेमांगीने विचारलं, काय म्हणताय?
इकडे ऊन आहे, म्हणालो.